फिरत्या शिक्षकाच्या भेटीचे सार्थक

परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके आहेत. ज्या मुलांच्या मेंदूची घडण इतरांहून निराळी आहे, त्यांना गावच्याच शाळेत, सोबत्यांच्या पंक्तीला बसून शिकता यावे, म्हणून तालुक्याच्या गट साधन केंद्रातून विशेष शिक्षकांनी शाळाशाळांना भेटी द्याव्यात, अशी तजवीज समग्र शिक्षा योजनेत केलेली आहे.

अशी मुले वर्गात बहुधा आळशी, हट्टी किंवा व्रात्य ठरतात. अध्ययन अक्षमता असलेला मुलगा गोष्ट तोंडी घडाघडा सांगतो. पण तीच लिहू लागला की ‘घ’ आणि ‘ध’ यांची गल्लत करतो, काना-वेलांटी गाळतो आणि वाचताना ओळ चुकतो. स्वमग्न मुलीला घंटेचा कर्कश नाद असह्य होतो, आणि शेरा मात्र तिच्या वर्तनावर मारला जातो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने १९९५च्या कायद्यातील दिव्यांगत्वाच्या सात प्रकारांची संख्या २१वर नेऊन त्यांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना स्थान दिले. अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता यांचा त्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. तेव्हा केवळ दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर मदत अवलंबून ठेवली, तर कित्येक मुले तिला मुकतील.

जाणता विशेष शिक्षक प्रथम मागे बसून निमूटपणे पाहतो, वही चाळतो, आईवडिलांशी बोलतो. मग पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खिडकी कापून ती पुस्तकावर सरकवीत वाचायला शिकवतो, दिवसाच्या तासिकांची चित्रे भिंतीवर क्रमाने लावतो, घंटेपूर्वी मुलीला खुणेने सूचना देण्याचा शिरस्ता घालून देतो. परंतु तो दुसऱ्या गावी निघून गेल्यावर रोज वर्गात उभे राहायचे असते ते वर्गशिक्षकांनाच. म्हणून या युक्त्या त्यांच्या हाती सोपवल्या गेल्या, तरच भेट सार्थकी लागली म्हणावी. ऊसतोडीसाठी आईवडिलांबरोबर परमुलखात जाणाऱ्या मुलाबाबत तर या युक्त्यांची लेखी नोंद ठेवून ती नव्या शाळेपर्यंत पोहोचवणे अगत्याचे आहे.

पालकांनी संकोच न बाळगता मुख्याध्यापकांना विशेष शिक्षकांच्या पुढील भेटीची तारीख विचारावी, आणि त्या दिवशी मुलाची वही घेऊन स्वतः शाळेत हजर राहावे.