आधी पोकळी, मग दगड

घरात प्रवाळांची टाकी बसवायची ठरली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: दगड किती किलो घ्यायचा? उत्तरही वर्षानुवर्षं ठरलेलंच आहे, चार लिटर पाण्याला किलोभर. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत सुमारे चारशे लिटर पाणी राहतं, म्हणजे शंभर किलो दगड आला. तो मागच्या काचेला टेकवून उतरता रचला की घाटात दरड कोसळल्याचा देखावा तयार. वर प्रवाळ चिकटवले तरी दरड ती दरडच. भोपाळसारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या शहरात हा खटाटोप करणाऱ्यांनी किलोचा हिशेब बाजूला ठेवून आधी पोकळीचा हिशेब मांडावा, असं मला वाटतं. पाणी कुठून येणार, कुठून जाणार, मासा कुठे वळणार, दोन वर्षांनी प्रवाळ कुठवर पोचणार, हे ठरलं की दगडाची जागा बरीचशी आपोआप ठरते.

दगड मुळात लागतोच कशाला? शोभा हे दुय्यम कारण. जाकार्ताचे ली चिन इंग यांनी १९६१ साली एका अमेरिकी मत्स्यपालन मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातून आणलेले जिवंत खडक, नैसर्गिक समुद्राचं पाणी, हवेचे बुडबुडे आणि भरपूर उजेड, एवढ्यावर त्यांच्या टाक्यांत प्रवाळ जगत होते. पुढे बर्लिनमधल्या हौशी पालकांनी हीच वाट पक्की केली आणि ती बर्लिन पद्धत म्हणून जगभर गेली. त्यामागचं विज्ञान साधं आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. दगडाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या कामाला ऑक्सिजन लागतो. दगडाच्या आत, जिथे ऑक्सिजन जवळपास संपलेला असतो अशा बारीक छिद्रांत, दुसरे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. म्हणजे गाळणीचं यंत्र दगडातच आहे, आणि त्याची ताकद वजनावर ठरत नाही. छिद्रांवर आणि त्यांच्यापर्यंत पोचणाऱ्या पाण्यावर ठरते. एकमेकांवर घट्ट रचलेल्या शंभर किलोंपेक्षा मोकळे मांडलेले पस्तीस-चाळीस किलो सच्छिद्र दगड बहुतेक टाक्यांत चांगलं काम करतात.

दगड आणायचा कुठून, हा प्रश्न मात्र आपल्याकडे कायद्यापासून सुरू होतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली खडक बांधणारे सगळे प्रवाळ आले. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. लक्षद्वीपहून किंवा मन्नारच्या आखातातून काढलेला प्रवाळांचा सांगाडा ‘मेलेलाच तर आहे’ म्हणून विकत घेणं हाही गुन्हाच. मुंबईत किनारी रस्त्याचं काम चाललं होतं तेव्हा वरळी आणि हाजी अलीच्या किनाऱ्यावर प्रवाळांच्या अवघ्या १८ वसाहती आडव्या आल्या. त्यांचं एकूण क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटरही नव्हतं. तरी त्या हलवण्यासाठी वनखात्याची परवानगी काढावी लागली आणि २०२० साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली त्या दुसरीकडे नेण्यात आल्या.

या प्रकरणातली एक गोष्ट भोपाळच्या वाचकाला जास्त उपयोगाची आहे. मुंबईचे ते प्रवाळ बसले होते काळ्या बेसॉल्टवर, दख्खनच्या लाव्हातून झालेल्या कातळावर. प्रवाळाला चुनखडीच लागते असं नाही. त्याची पाण्यात तरंगणारी अळी टणक आणि स्थिर जागा शोधते. त्या जागेवर गुलाबी-जांभळ्या कवचासारखं पसरणारं एक शैवाल असलं तर अनेक जातींच्या अळ्या तिथे पटकन बसतात. हे शैवाल कुठल्याही दगडावर वाढतं.

भोपाळ तर दोन दगडांच्या सीमेवरच वसलं आहे. इथल्या टेकड्या विंध्य वालुकाश्माच्या, आणि पश्चिमेला माळव्याकडे निघालं की काळा बेसॉल्ट सुरू होतो. धार जिल्ह्यात बागच्या परिसरात चुनखडीही आहे. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता, त्याच्या तळाशी साचलेली. तिच्यात शिंपले आणि समुद्री साळूंचे जीवाश्म सापडतात, म्हणून तिला टाकीसाठी हात लावू नये. ती अभ्यासकांची ठेव आहे.

घरी आणलेला दगड ओळखायची सोपी चाचणी आहे. खिळ्याने ओरखडा काढून थोडी भुकटी करायची आणि तिच्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे चार थेंब सोडायचे. चुनखडी असेल तर भुकटीच्या कडेने बारीक बुडबुड्यांची रांग उठते आणि क्षणभर सुरसुरते. लाल वालुकाश्मावर बहुधा काहीच होत नाही, थेंब नुसता पसरतो. बेसॉल्टही गप्प राहतो. यांतला कुठलाही स्वच्छ, न भुसभुसणारा दगड खाऱ्या पाण्यात चालू शकतो, पण वालुकाश्म आणि बेसॉल्ट घट्ट विणीचे असतात; आतल्या जिवाणूंना त्यांत जागा नाही. पाया म्हणून वापरावेत, गाळणी म्हणून त्यांचा भरवसा धरू नये. दगडात धातूसारखे चकाकणारे कण किंवा हिरवट डाग दिसले तर तो सरळ बाद. तांब्याचा अंशही कोळंबी आणि प्रवाळांना विष ठरतो.

चुनखडीने पाण्याचा सामू आपोआप सांभाळला जातो, ही दुकानांतली लाडकी समजूत. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो आणि अशा पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट आधीच गरजेपेक्षा जास्त विरघळलेलं असतं. दगड त्यात आणखी विरघळणार कसा? वाढत्या प्रवाळांना लागणारं कॅल्शियम आणि कार्बोनेट बाहेरूनच घालावं लागतं. गोड्या, किंचित आम्लधर्मी पाण्यात चुनखडी विरघळते, तो अनुभव इथे चिकटवला गेला असावा. बाजारात मिळणारे सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र दगड हा बहुतेकांसाठी सरळ पर्याय. सिमेंटचे घेतले तर पाणी बदलत काही आठवडे भिजवून त्यांचा चुना उतरवायचा, नाहीतर सामू भलताच वर जातो.

आता मांडणी. टाकीच्या तळाएवढा आयत फरशीवर चिकटपट्टीने आखून घ्या. त्याच्या आत सगळ्या बाजूंनी चार बोटं रुंद पट्टा सोडा. काच घासायचं चुंबक तिथून फिरणार आहे. उरलेल्या जागेत दगड रचून बघा, दोन दिवस तसेच ठेवा, येता-जाता बघा, बदला. पाण्यात हात घालून हे करायचं म्हटलं तर तिसऱ्या दगडाला धीर सुटतो. एकच मोठा ढीग मध्यभागी करण्यापेक्षा एक मोठं आणि एक लहान अशी दोन बेटं, मध्ये तिरपी वाट, हे डोळ्यालाही बरं दिसतं आणि पाण्यालाही मानवतं. निसर्गातही लाटांना तोंड देणारी प्रवाळखडकांची बाजू सलग भिंतीसारखी क्वचितच असते. तिथे समुद्राकडे धावणाऱ्या सोंडा असतात आणि सोंडांमध्ये वाळूच्या घळी. लाटेचं पाणी सोंडांवरून वर चढतं आणि घळींतून वाळू, कचरा घेऊन मागे फिरतं.

टाकीत लाटेचं काम पंप करतात. प्रवाळांच्या टाकीत ताशी वीस-तीस टाक्या भरतील एवढं पाणी फिरवण्याचा प्रघात आहे, चारशे लिटरला आठ ते बारा हजार लिटर. आकडा मोठा वाटतो, पण दगडाला चिकटून पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ स्थिर राहतो. प्रवाळाचा श्वास आणि अन्न त्याच थरातून जातं. बाहेरचा प्रवाह जोरदार आणि उलटसुलट असला की हा थर पातळ होतो. दगडांच्या मागे कोंडलेली जागा राहिली तर तिथे गाळ बसतो, कुजतो, आणि नायट्रेट वाढलं की माणूस पंपाला दोष देतो. पाणी भरल्यावर थोडं बारीक खाद्य सोडा आणि कण कुठे थांबतात ते बघा. जिथे थांबतात तिथला एक दगड काढा. नवा पंप त्यानंतर.

पायाचे दगड वाळूवर ठेवायचे नाहीत. तळाच्या काचेवर, हवं तर प्लॅस्टिकच्या जाळीवर, आधी दगड आणि मग भोवती वाळू. गोबी जातीचे मासे आणि बंदूक कोळंबी दिवसभर वाळू उपसत असतात. वाळूवर उभा केलेला मनोरा एका रात्रीत काचेवर येऊ शकतो. सांधे एपॉक्सी पुट्टीने किंवा जाड सुपरग्लूने पक्के करावेत. मोठ्या कमानीला आतून ॲक्रिलिकची सळई घालावी. आणि जागा निवडताना एकूण वजन धरा: पाणी, काच, दगड, वाळू, स्टँड मिळून सहाशे किलोंच्या घरात जातं. भोपाळच्या अरेरा कॉलनीतल्या जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर याची फिकीर नाही. नव्या फ्लॅटच्या पाचव्या मजल्यावर मात्र खोलीच्या मध्यापेक्षा तुळईजवळची, भिंतीलगतची जागा घ्यावी आणि इंजिनियरला विचारावं.

मांडणीत सगळ्यात जास्त चुकतो तो भविष्याचा अंदाज. आज अंगठ्याएवढा असलेला ॲक्रोपोरा या फांदीदार प्रवाळाचा तुकडा दोन-तीन वर्षांत ताटाएवढा होतो. त्यातून प्रवाळ शेजारधर्म पाळणारे नाहीत. जुडिथ लँग यांनी १९७१ साली जमैकातल्या निरीक्षणांतून दाखवलं की प्रवाळ आपल्या पोटातले पाचक तंतू बाहेर सोडून शेजाऱ्याच्या जिवंत उती पचवून टाकतात. सावकाश वाढणारे, गोळ्यासारखे प्रवाळ या मारामारीत वेगाने वाढणाऱ्या फांदीदारांवर अनेकदा मात करतात. गॅलॅक्सियासारखे काही जण रात्री वीतभर लांबीचे डंखाचे तंतू प्रवाहात सोडतात. म्हणून दोन बेटांमधली वाट वीतभर तरी हवी, आणि असा भांडखोर प्रवाळ प्रवाहाच्या खालच्या टोकाला, एकटा. उजेड लागणारे फांदीदार वर, मांसल आणि मऊ प्रवाळ खाली, हे ओघानेच आलं.

सगळ्यात वरचा दगड पाण्याच्या पातळीपासून वीतभर खाली ठेवावा. वाढत्या फांद्यांना वर जागा हवीच; आणखी एक कारण म्हणजे भोपाळचा मे महिना. बाहेर पारा बेचाळीसवर असताना बंद खोलीतल्या टाकीचं पाणी सहज एकतीस-बत्तीसला पोचतं. प्रवाळांना पंचवीस-सव्वीस अंश बरे. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाददुसरा अंश जास्त, तोही काही आठवडे टिकला, की ते आपल्या उतींतलं शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. चिलर घ्यावाच लागतो. पण गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो, आणि तो पाण्यात शिरतो पृष्ठभागातून. वर मोकळं, खळबळतं पाणी असेल तर वीज गेल्यावर बॅटरीवरचा एक छोटा पंपही काही तास वेळ मारून नेतो; दगड पृष्ठभागाला भिडलेले असतील तर तेवढ्याने भागत नाही.

पाणी भरलं की महिना-दीड महिना दगड तसेच राहू द्यावेत. जिवाणू स्थिरावेपर्यंत अमोनिया आणि नायट्राइट चढतात आणि मग शून्यावर येतात. मध्येच सगळं तपकिरी होतं, ते डायटम नावाचं सूक्ष्म शैवाल; घासत बसू नये.

मासे घेताना समुद्रातून पकडलेल्यांऐवजी संवर्धन केंद्रात जन्मलेले मागावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास आपल्याकडे केव्हाच बसवली आहे, आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही तिचं काम झालं आहे. या माशाला कपारींचं फारसं वेड नसतं. आपण मेहनतीने बांधलेल्या गुहांकडे तो ढुंकूनही बघत नाही आणि एखादा कोपरा धरून बसतो. जोडी जमली की मात्र त्याला सपाट, कडक पृष्ठभाग लागतो; नर तो तोंडाने घासून स्वच्छ करतो, मादी त्यावर नारिंगी अंडी चिकटवते आणि पुढचा आठवडाभर नर त्यांना पंखांनी वारा घालतो. संवर्धन केंद्रात त्यासाठी फरशीचा तुकडा किंवा मातीची कुंडी ठेवतात. घरच्या मांडणीत तळहाताएवढा एक सपाट दगड पुढच्या बाजूला, काचेकडे तोंड करून लावला तर तेच काम होतं. विंध्य वालुकाश्माची पाटी त्याला अगदी योग्य.