कंबरेच्या सांध्यातील इंजेक्शन : आराम किती, मुदत किती?

दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या आणि प्रसंगी मालाची खोकी स्वतः उचलणाऱ्या व्यापारी कुटुंबांना कंबरदुखी परकी नाही. ‘एक इंजेक्शन घेतले की मोकळे’ ही समजूत मात्र पारखून घ्यायला हवी.

मणक्यांच्या मागील बाजूस लहान लहान सांध्यांच्या जोड्या असतात. त्यांना फॅसेट सांधे म्हणतात. त्यांना सूज आली की मागे वाकताना, वळताना कंबर धरते. एमआरआयमध्ये दिसणारी झीज हा पुरेसा पुरावा नव्हे. साठीनंतर ती न दुखणाऱ्या कंबरेतही आढळते.

कामोठ्याच्या एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयासारख्या रुग्णालयात अस्थिरोग आणि भूलशास्त्र हे दोन्ही विभाग असतात, याचा येथे उपयोग होतो. ही सुई अंदाजाने टोचायची नसते. सी-आर्म यंत्राच्या पडद्यावर सांधा पाहत बधिर करणारे औषध आणि स्टेरॉईड आत सोडतात. बधिरतेच्या त्या काही तासांत वेदना ओसरली, तर दुखणे त्याच सांध्याचे असावे, या अंदाजास बळ मिळते. स्टेरॉईडचा गुण साधारण आठवड्याभरात येतो आणि काही आठवडे, क्वचित काही महिने टिकतो. झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही. व्यापाराच्या भाषेत ही मिळालेली मुदत आहे, कर्जमाफी नव्हे. त्या मुदतीत पाठीचा व्यायाम सुरू झाला तरच तिचे चीज होते.

पुरावाही फारसा उत्साहवर्धक नाही. १९९१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या चाचणीत महिन्याभराने स्टेरॉईड घेतलेल्या ४२ टक्के, तर नुसते मिठाचे पाणी टोचलेल्या ३३ टक्के रुग्णांना चांगला आराम वाटला. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. ब्रिटनच्या ‘नाईस’ संस्थेने २०१६ साली सामान्य कंबरदुखीसाठी मणक्यातील इंजेक्शने देऊ नयेत, असाच सल्ला दिला. म्हणून चाळीस-पन्नास दिवस औषध, हालचाल आणि व्यायाम करून पाहिल्यावाचून सुईचा आग्रह धरणे योग्य वाटत नाही.

औषध कशापासून बनते, हा प्रश्न आपल्या घरांत हमखास निघतो. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवातावर प्रथम वापरलेले कॉर्टिझोन आरंभी गुरांच्या पित्तापासून बनवीत. पुढे मेक्सिकोतील रानकंद आणि सोयाबीन यांतील घटकांपासून स्टेरॉईडे तयार होऊ लागली. (कंद म्हटल्यावर काहींच्या कपाळावर पुन्हा आठी पडेलच!)

मधुमेहींनी विशेष जपावे. इंजेक्शननंतर काही दिवस रक्तातील साखर चढते. पर्युषणात उपवास करणाऱ्यांनी ते दिवस टाळून तारीख घ्यावी आणि व्रताची कल्पना डॉक्टरांना आधीच द्यावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तेही सांगावे. ती परस्पर बंद करू नये. पायात बधिरता वाढली किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटला, तर इंजेक्शनच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.