मडके तापले, पण कोंबडी शिजली का?

भाताची कापणी उरकते, शेतात उरलेल्या ओलीवर पेरलेल्या वालाला शेंगा धरतात आणि रोह्याला लागून असलेल्या वरसे गावापासून पेण-अलिबागपर्यंत संध्याकाळी बांधाबांधावरून धूर उठू लागतो. पोपटीचे दिवस आले, हे सांगायला पंचांग लागत नाही. पूर्वी हा घरच्यांचा आणि आळीतल्या पोरांचा कार्यक्रम असे. मडके कोणी भरायचे, जाळ कोणी सांभाळायचा, हे वर्षानुवर्षे ठरलेले असायचे. आता थर्टी फर्स्टला मुंबई-पुण्याहून पाहुणे येतात, गाडीच्या डिकीत मसाला लावलेली चिकन असते आणि मडके पहिल्यांदाच हातात घेणारे उत्साही चार जण असतात. ‘सोपे आहे, मडके भरायचे, उलटे ठेवायचे, पेटवायचे,’ असे कोणीतरी सांगितलेले असते.

शेंगांपुरते ते खरेही आहे. कोंबडीच्या बाबतीत मात्र थोडे विज्ञान माहीत असलेले बरे.

पोपटीत वरून पाणी घालत नाहीत, तेलही नाही. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर जाडे मीठ आणि ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये बटाटे, रताळी, अंडी, केळीच्या पानात बांधलेली चिकन, पुन्हा शेंगा आणि शेवटी तोंडाशी पाल्याचा घट्ट बोळा. मग मडके जमिनीवर पालथे घालून भोवतीने पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचायच्या. आच लागली की पाल्यातले आणि शेंगांतले पाणी वाफ होऊन बाहेर पडते. पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी असते. सुलट्या भांड्यात ती वर जाऊन झाकणाच्या फटीतून निसटली असती. पालथ्या मडक्यात ती वर साठते आणि आतली जड हवा खाली, पाल्याच्या बोळ्यातून बाहेर ढकलते. थोड्याच वेळात मडक्यात जवळपास निव्वळ वाफ उरते. शेंगांवर निवून तिचे पाणी होते, ते खाली बोळ्यात झिरपते, तापून पुन्हा वाफ होते. गुजरातेत वलसाडकडचे उबाडियू याच तत्त्वावर चालते, आणि उंधियू हे नावही ‘उंधू’ म्हणजे पालथे यावरून आले आहे. कोकणातल्या आणि गुजरातेतल्या शेतकऱ्यांनी भौतिकशास्त्राचे पुस्तक न उघडता प्रेशर नसलेला कुकर तयार केला, असे म्हणायला हरकत नाही.

या रचनेचा एक फायदा आरोग्याचाही आहे. आत पाणी आहे तोवर तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते. कोळशावर भाजताना मांसातली चरबी निखाऱ्यावर टपकते, तिचा धूर पुन्हा मांसावर बसतो आणि त्यातून कर्करोगाशी संबंध जोडली गेलेली काही रसायने तयार होतात. पोपटीत चरबी आणि ज्वाळेची गाठच पडत नाही. मडक्याच्या भिंतीला चिकटून काळ्या पडलेल्या शेंगा तेवढ्या बाजूला काढाव्यात.

आता मूळ मुद्दा. पोपटी झाली की नाही हे ओळखायची पिढ्यान्‌पिढ्यांची खूण म्हणजे तापलेल्या मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायचे. चुर्र आवाज येऊन ते क्षणात उडाले की पोपटी झाली. लहान मडक्याला अर्धा-पाऊण तास हा सर्वसाधारण हिशेब. ही खूण चुकीची नाही, पण ती काय सांगते ते नीट समजून घ्यायला हवे. मडक्याची बाहेरची माती शंभर अंशांच्या पुष्कळ वर गेली, एवढेच ती सांगते. वालाची शेंग बोटभर जाड, तिच्याभोवती सगळीकडून वाफ, त्यामुळे मडके तापले म्हणजे शेंग शिजली हा अनुमानाचा धागा शेंगेपुरता पक्का आहे. कोंबडीची तंगडी तशी नाही.

उष्णता घन पदार्थाच्या आत शिरायला जो वेळ घेते, तो जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दोन सेंटिमीटर जाड तुकड्याच्या मध्यापर्यंत आच पोहोचायला जितका वेळ लागतो, त्याच्या दुप्पट नव्हे, सुमारे चौपट वेळ चार सेंटिमीटर जाड तुकड्याला लागतो. अख्खी कोंबडी मडक्यात घालायची हौस असते, फोटोही चांगला येतो, पण मग हा हिशेब आणखी बिघडतो. त्यात चिकन फ्रिजमधून थेट आलेली असेल, किंवा आत अजून बर्फ असेल, तर शेंगा मऊ होऊन करपायला लागल्या तरी हाडालगतचे मांस कोमटच राहू शकते.

कोमट मांसाची भीती कशाची? कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जिवाणू असणे ही जगभर नेहमीची गोष्ट आहे. कॅम्पायलोबॅक्टरचे काहीशे जिवाणू पोटात गेले तरी आजार होऊ शकतो. लक्षणे बहुधा दोन ते पाच दिवसांनी दिसतात. ताप, पोटात कळा, जुलाब, कधी शौचात रक्त. एकतीस तारखेला खाल्लेले तीन तारखेला बाधते, तोवर माणूस ऑफिसला रुजू झालेला असतो आणि दोष जातो कँटीनच्या पाण्याला. क्वचित या संसर्गानंतर काही दिवसांनी गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस होतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला होता. तिथे संशय मुख्यतः दूषित पाण्यावर होता, चिकनवर नव्हे. पण जिवाणू तोच, आणि कच्ची कोंबडी हे त्याचे जुने घर.

हे जिवाणू मारायला फार मोठी आग लागत नाही, ही यातली चांगली बाजू. जागतिक आरोग्य संघटना अन्नाच्या मध्यापर्यंत ७० अंश सेल्सिअस गाठायला सांगते. अमेरिकेचा कृषी विभाग कोंबडीवर्गीय पक्ष्यांसाठी ७४ अंश सांगतो. तिकडे थँक्सगिव्हिंगला अख्खा टर्की पक्षी भाजायची रीत आहे आणि पहिल्यांदा टर्की भाजणाऱ्यांची धांदल दरवर्षीची. त्यांच्या शंकांसाठी या विभागाची दूरध्वनी सेवा १९८५ पासून चालू आहे. तिथले ठरलेले उत्तर असे, की रंगावर जाऊ नका, घड्याळावरही जाऊ नका. मांडीच्या सर्वांत आतल्या भागात, पंखाच्या सांध्यात आणि छातीच्या जाड भागात तापमापक खुपसून ७४ चा आकडा पाहा. पक्ष्याच्या पोटात सारण भरले असेल तर त्याचेही तापमान पाहा, कारण आच तिथे सगळ्यात शेवटी पोहोचते. आपल्या मडक्याच्या मधोमध ठेवलेली चिकनची पुडी म्हणजे तेच सारण समजायचे.

स्वयंपाकघरातला टोचायचा डिजिटल तापमापक आता सहज मिळतो. पोपटीला तापमापक म्हटले की जुनी माणसे हसतील. हसू द्यावे. तो नसेल तर सगळ्यात जाड तुकडा निवडून हाडापर्यंत कापून पाहावा. मांस हाडापासून सहज सुटले पाहिजे आणि आत मऊसर, काचेसारखा अर्धपारदर्शक भाग राहता कामा नये. हाडाजवळची लाली मात्र फसवी असते. कोवळ्या ब्रॉयलर कोंबडीच्या हाडातले रंगद्रव्य पाझरते, त्यामुळे पूर्ण शिजलेले मांसही तिथे लालसर दिसू शकते; उलट मांस पांढरे दिसते म्हणून ते पुरेसे तापले असेलच असे नाही. गावठी कोंबडीची गोष्ट वेगळी. तिचे मांस सुरक्षित तापमानाला पोहोचल्यावरही चिवट लागते, कारण स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजन विरघळायला आणखी बराच वेळ हवा असतो. पहिल्या खेपेला ब्रॉयलरच बरी.

मडके भरतानाच निम्मे काम होते. चिकनचे तुकडे लहान हवेत, दोन इंचांपेक्षा मोठे नकोत आणि जाड तुकड्यांना हाडापर्यंत चिरा द्याव्यात. एका मोठ्या गाठोड्याऐवजी चार चपट्या पुड्या बांधाव्यात. पुडी केळीच्या पानाचीच असावी. मीठ, दही, लिंबू लावलेले मांस अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये तापवले की धातूचा थोडा अंश अन्नात उतरतो, आणि कोकणात केळीची पाने काही महाग नाहीत. पुड्या मडक्याच्या तोंडाशी ठेवू नयेत. मडके पालथे झाल्यावर ती बाजू जमिनीला टेकते आणि सगळ्यात थंड राहते. शिवाय शेंगा ठासून भरायचा मोह आवरावा. वाफेला फिरायला फटी हव्यात, नाहीतर मधला भाग नुसता गरम भिंतींच्या भरवशावर राहतो.

चिकन धुण्याबद्दलही एक शब्द. नळाखाली धुताना उडणारे तुषार ओट्यावर, काकडी-कांद्यावर जातात, म्हणून ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०१४ मध्ये कच्ची चिकन धुऊच नका अशी मोहीम काढली होती. आपल्याकडे न धुता शिजवणे कोणाच्याही पचनी पडणार नाही. मग निदान पातेल्यातल्या स्थिर पाण्यात हलकेच धुवावी आणि नंतर हात साबणाने.

त्याहून मोठा धोका प्रवासाचा आहे. अनुकूल उष्णतेत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. त्या वेगाने तीन तासांत एकाचे पाचशेहून अधिक. ५ ते ६० अंश हा त्यांचा आवडता पट्टा, आणि डिकी बरोबर त्यातच असते. काही जिवाणूंचे विष शिजवूनही नष्ट होत नाही, त्यामुळे ‘नंतर आचेवर जाणारच आहे’ हे कारण चालत नाही. बर्फाच्या डब्यातून आणा किंवा रोह्याच्या बाजारात घ्या. घरून अर्धवट शिजवून आणणे हा तर सर्वांत वाईट उपाय. त्यात जिवाणू मरत नाहीत, कोमट मात्र होतात.

भांबुर्डा ही सूर्यफुलाच्या कुळातली, ब्लुमिया या प्रजातीतली रानवनस्पती. तिच्या सुगंधी तेलांमुळेच पोपटीला पोपटीचा वास येतो. तिच्या औषधी गुणांच्या याद्या हिवाळ्यात फोनवर फिरतात. एका मडक्यातल्या वाफेतून त्यातले कितीसे पोटात जाणार? चवीसाठी वापरावी, तेवढे पुरे. मात्र ओळखणाऱ्याकडूनच खुडून घ्यावी, तणनाशक मारलेल्या बांधावरची टाळावी आणि नीट धुवावी. रक्तदाब असणाऱ्यांनी जाड्या मिठाकडे लक्ष द्यावे. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पोपटीच्या रात्री कधी ओलांडली जाते ते कळतही नाही.

मडके मिळाले नाही म्हणून पत्र्याचा तेलाचा डबा वापरणारेही आहेत. रंग, वार्निश किंवा जस्ताचा मुलामा असलेला पत्रा जाळात घालू नये. फार्महाऊसच्या बंद पडवीत जाळ करू नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मडके उघडताना घाई नको. एक ग्रॅम वाफ त्वचेवर निवते तेव्हा सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते आणि मग त्या उकळत्या पाण्याचा चटका वेगळा. म्हणून वाफेने भाजणे उकळत्या पाण्याहून वाईट. मडके काठीने बाजूला घ्यावे, तोंड माणसांपासून दूर वळवावे, बोळा लांब चिमट्याने काढावा. भाजलेच तर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे. बर्फ, टूथपेस्ट काही लावू नये.

आणि चिकन कच्ची निघाली तर? पुड्या सोडून तुकडे पातेल्यात टाकायचे, निखाऱ्यांवर झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटे शिजवायचे आणि पुन्हा कापून पाहायचे. तोवर शेंगा सोलायला सगळ्यांचे हात मोकळे असतातच.