हॉवेलचे झुडपी जंगल

स्थान : ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात, इन्व्हरेलच्या दक्षिणेकडील ज्या डोंगराळ मुलखात एके काळी हॉवेल येथील चांदी-शिशाच्या खाणी गजबजलेल्या होत्या, तेथील उघड्या ग्रॅनाइट कातळांवर हा वनस्पतिसमुदाय वसला आहे.

वनस्पती : कातळाच्या भेगांत साचलेल्या, ओलावा फार काळ न धरणाऱ्या मूठभर मातीवर कुंझिया, लेप्टोस्पर्मम, कॅलिट्रिक्स आणि दुर्मिळ होमोरँथस प्रोलिक्सस ही झुडुपे निर्वाह करतात, आपल्या परिचयाची जांभूळ आणि लवंग या झुडुपांच्याच कुलातील होत, हे ध्यानी घेतले म्हणजे या झुडुपांविषयीची आस्था द्विगुणित होते.

संकटे : मोकाट शेळ्या, खाणकाम आणि वारंवारचे वणवे ही प्रमुख संकटे होत; वणवे घातक ठरतात, कारण ज्या जातींचे पुनरुत्पादन केवळ बीजावर अवलंबून असते, त्यांच्या रोपांनी बीज धरण्यापूर्वीच पुन्हा आग लागली, तर त्या स्थळावरून ती जात निर्मूल होते.

संरक्षण : राज्याच्या कायद्यान्वये हा समुदाय ‘संकटग्रस्त’ म्हणून सरकारदप्तरी नोंदलेला आहे, तथापि नापीक कातळ म्हणजे निरुपयोगी भूमी, हा समज जोवर टिकून आहे, तोवर केवळ नोंदीने त्याचे रक्षण होणार नाही, शेळ्यांना अटकाव करणे आणि दोन वणव्यांत पुरेसे अंतर राखणे, हे त्यासाठी अत्यावश्यक आहे.