फिरत्या शाफ्टचा हिशेब

रोटरी ऑप्टिकल एन्कोडर मोटरच्या मागच्या टोकाला बसतो. शाफ्ट किती फिरला आणि कोणत्या दिशेने, हे तो ड्राइव्हला सतत कळवतो. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली नागपुरात सुरू झाली, त्या काळी गिरण्यांतली यंत्रे लांबच लांब शाफ्ट आणि पट्ट्यांनी एका इंजिनाला बांधलेली असत. आज नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीच्या एमआयडीसीत सीएनसी यंत्राच्या प्रत्येक अक्षाला स्वतःची सर्व्हो मोटर असते आणि त्यांचा मेळ एन्कोडरच्या भरवशावर राहतो.

आत एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारे सेन्सर आणि मध्ये शाफ्टबरोबर फिरणारी काचेची चकती. चकतीच्या कडेने क्रोमियमच्या बारीक रेघा असतात. २० मिमी त्रिज्येच्या वर्तुळावर २,५०० रेघा बसवल्या, तर एक रेघ जेमतेम २५ मायक्रॉन रुंद होते; माणसाचा केस याच्या दुपटीहून जाड असतो.

खरी करामत दिशेची आहे. ए आणि बी हे दोन सिग्नल पाव आवर्तनाने मागेपुढे ठेवलेले असतात. ए आधी आला तर शाफ्ट सुलट फिरतोय, बी आधी आला तर उलट. दोन्हींची प्रत्येक चढ-उतार मोजली की २,५०० रेघांतून १०,००० मोजण्या मिळतात. अक्ष सरकवणाऱ्या बॉलस्क्रूचा पिच, म्हणजे एका फेऱ्यातली सरक, १० मिमी असेल, तर एक मोजणी म्हणजे १ मायक्रॉन. इतक्या साध्या युक्तीतून इतका बारकावा क्वचितच साधतो.

अशा, फक्त पल्स मोजणाऱ्या एन्कोडरला इन्क्रिमेंटल म्हणतात; वीज गेली की तो जागा विसरतो आणि यंत्राला पुन्हा होमिंग करावे लागते, म्हणजे ठरलेल्या मूळ जागेवर नेऊन मोजणी नव्याने सुरू करावी लागते. अॅब्सोल्यूट प्रकारात प्रत्येक जागेला स्वतःचा कोड असतो. साध्या द्विमान पद्धतीत ३ वरून ४ वर जाताना ०११ चे १०० होते, म्हणजे तिन्ही अंक एकदम बदलतात. त्यातला एक जरी उशिरा वाचला गेला, तरी जागा भलतीच दिसते. बेल लॅब्सच्या फ्रँक ग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोडमध्ये तिथे ०१० चे ११० होते. एकच अंक बदलतो.

अडचणी मात्र चकतीच्या बाहेरून येतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यात मोटरची स्वतःची उष्णता. एलईडीचा उजेड तापमानाने आणि वयाने मंदावतो. पावसाळ्यात बंद यंत्र रात्री थंड होते, सील सैल असेल तर दमट हवा आत ओढली जाते आणि काचेवर बाष्प धरते. कपलिंग हातोडीने ठोकून बसवले, तर बेअरिंग दुखावते आणि काच तडकूही शकते. सर्वांत फसवा दोष केबलचा. मोटरची पॉवर केबल आणि एन्कोडरची केबल एकाच ट्रेमधून नेली, तर खोट्या पल्स मोजल्या जातात आणि जॉबचे माप हळूहळू सरकते. ५ व्होल्टचा पुरवठा लांब, बारीक तारेत घटतो, तेव्हाही असेच घडते.

म्हणून माप सरकू लागले की ‘एन्कोडर गेला’ असे ठरवण्याआधी कपलिंगचे स्क्रू, केबलच्या शिल्डचे अर्थिंग आणि एन्कोडरच्या टोकाशी मिळणारे व्होल्टेज, या तीन गोष्टी तपासाव्यात.