प्रागचे ज्यू संग्रहालय

वस्तुसंग्रहालयांचा नाद असलेल्या माझ्यासारख्या हौशी माणसाला प्राग नगरीतील ज्यू संग्रहालयाइतका विलक्षण इतिहास क्वचितच आढळतो. नगरसुधारणेच्या नावाखाली जुना ज्यू मोहल्ला पाडला जात असता, जमीनदोस्त होणाऱ्या सिनेगॉगांतील पूजासाहित्य तरी वाचावे, या हेतूने इतिहासकार सालोमन ह्यूगो लीबेन यांनी सहकाऱ्यांसह १९०६ साली त्याची स्थापना केली. पुढे नाझी अंमलात, १९४२ पासून, बोहेमिया व मोराव्हियातील ज्या वस्त्या निर्मनुष्य केल्या गेल्या, त्यांची चांदीची पात्रे, तोरा-पोथ्यांची भरजरी आवरणे आणि दप्तरे येथे जमा होऊ लागली. ज्या ज्यू अभ्यासकांनी त्यांची काटेकोर नोंद ठेवली, त्यांतील बहुतेकांचा अंत छळछावण्यांत झाला. (त्या नोंदींचा नेटकेपणा मला तरी अस्वस्थच करतो.) १९५० मध्ये सरकारजमा झालेले हे संग्रहालय १९९४ साली ज्यू समाजाच्या ताब्यात परत आले. संग्रहालयाचाच भाग असलेल्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझी संहारात बळी गेलेल्या सुमारे ८०,००० ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत. साम्यवादी राजवटीत ती नाहीशी झाली होती, ती पुढे पुन्हा लिहिण्यात आली. त्याच वास्तूत तेरेझीन येथील नाझी छावणीतील मुलांनी काढलेली चित्रे आहेत. त्यांच्या शिक्षिका फ्रीडल डिकर-ब्रँडाइस १९४४ मध्ये आउश्वित्झ येथे मारल्या गेल्या. शनिवारी व ज्यू सणांस संग्रहालय बंद असते, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.