घरच्या पडद्यावरील भयपट : संग्राहक-आवृत्तीची पारख

भयपटाचें नांव निघालें कीं सुशिक्षित घरांतून बहुधा नाक मुरडलें जातें. किंकाळ्या, कुरकुरणारीं दारें आणि रंगविलेलें रक्त यांपलीकडे त्यांत कांहीं नसतें, असा सर्वसाधारण समज आहे. तो कांहीं अंशीं खराही आहे. परंतु समाज ज्या वस्तूची हेळसांड करतो, ती वस्तु सर्वांच्या आधीं नाहींशी होते, आणि ती नाहींशी झाल्यावर तिच्या गुणदोषांचा निर्णय करण्याचें साधनही उरत नाहीं. म्हणून भयपट आवडो वा न आवडो, तो जतन कसा होतो आणि घरांत आणलेली त्याची प्रत अस्सल कीं नुसती भपकेबाज, हें ओळखण्याची विद्या प्रत्येक रसिकाला अवगत असणें इष्ट आहे.

नाशिककरांना तर ह्या हानीची ओळख करून देण्याचें कारणच नाहीं. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं झाला, नाशकांत त्यांनीं आपला चित्रपटांचा कारखाना चालविला आणि १९४४ सालीं नाशकांतच देह ठेवला. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. चार रिळांच्या त्या चित्रपटाचे आज अवशेषच काय ते पाहावयास मिळतात. ‘लंकादहन’, ‘कालियामर्दन’ अशा चित्रपटांतून त्यांनीं कॅमेऱ्याच्या युक्तीनें चमत्कार दाखविले. पण त्यांच्या एकंदर कृतींपैकीं बहुतेक कायमच्या गेल्या. त्या काळची नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असे व उष्णतेनें आणि दमटपणानें तिचा भुगा होई. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं निघालें, तेव्हां फाळके जाऊन वीस वर्षें लोटलीं होतीं. पुढें २००३ च्या जानेवारींत पुण्यांतच आग लागून जुन्या नायट्रेट प्रतींचा मोठा सांठा जळाला. पौराणिक चित्रपटांच्या जनकाच्या कृतींची ही गत, तर ज्यांना कोणी मानच दिला नाहीं त्या भयपटांची काय कथा!

संग्राहक-आवृत्ति म्हणजे काय, तें प्रथम पाहूं. एखादा चित्रपट मूळ सामग्रीवरून नव्यानें उतरवून, शक्य तितका दुरुस्त करून, तबकडीवर मर्यादित संख्येनें काढावयाचा, सोबत पुस्तिका, मुलाखती व छायाचित्रें द्यावयाचीं आणि हें सारें एका सुबक पेटींत घालून विकावयाचें, असा हा व्यवहार आहे. डीव्हीडीच्या चित्रांत, आपल्याकडील पद्धतीप्रमाणें, ७२० गुणिले ५७६ म्हणजे ४,१४,७२० बिंदु असतात. ब्लू-रे तबकडींत ते १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० होतात; अर्थात् बरोबर पांचपट. फोर-के तबकडींत त्याच्याही चौपट. परंतु बिंदूंची संख्या हा दर्जाचा पुरावा नव्हे. फाटक्या पोथीची कितीही मोठी छायाप्रत काढली, तरी तिच्यांतील गळालेलीं अक्षरें परत येत नाहींत.

ह्या विषयांत महाराष्ट्राशीं निगडित असें एक ठळक उदाहरण रामसे बंधूंचें आहे. कराचीस रेडिओचें दुकान चालविणारे फ. उ. रामसे फाळणीनंतर मुंबईस आले. त्यांच्या सात मुलांनीं चित्रपटाचीं निरनिराळीं अंगें आपसांत वांटून घेतलीं. महाबळेश्वरीं चित्रित केलेला त्यांचा ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ सालीं आला आणि तेथून हिंदी भयपटाची एक परंपराच सुरू झाली. थोड्या खर्चांत, घरच्याच माणसांच्या हातून तयार झालेले हे चित्रपट लहान शहरांतील प्रेक्षकांनीं उचलून धरले; टीकाकारांनीं मात्र त्यांना दारांत उभें केलें नाहीं. पुढें ‘मोंडो मकाब्रो’ ह्या परदेशी प्रकाशनसंस्थेनें त्यांचे सहा चित्रपट प्रथम डीव्हीडीवर आणि २०२३ सालीं ब्लू-रे संचाच्या रूपानें एकत्र काढले : ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘तहखाना’ (१९८६), ‘वीराना’ (१९८८), ‘पुरानी हवेली’ (१९८९), ‘बंद दरवाजा’ (१९९०) आणि त्यानंतरचा ‘महाकाल’. जे चित्रपट येथें उपहासाचे विषय होते, ते परदेशांतील संग्राहक कपाटांत मानानें ठेवतात, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

असा एखादा संच हातीं आला असतां त्याची पारख कोणत्या क्रमानें करावी?

पहिला प्रश्न उगमाचा. चित्र कशावरून उतरविलें आहे? कॅमेऱ्यांतून निघालेली मूळ निगेटिव्ह ही गंगोत्री होय. चित्रगृहांत फिरलेली प्रत ही तिच्यापासून दोन-तीन पिढ्या दूर असते. तिच्यावर ओरखडे असतात, रंग विटलेले असतात आणि सांवल्यांतील बारकावे बुजलेले असतात. प्रामाणिक प्रकाशक हा उगम वेष्टणावर किंवा पुस्तिकेंत स्पष्ट सांगतो. नुसतें ‘नव्यानें सुधारलेलें’ एवढेंच मोघम लिहिलें असेल, तर गिऱ्हाइकानें सावध व्हावें.

दुसरा प्रश्न चौकटीचा व लांबीचा. जुन्या फिती घरच्या दूरदर्शन-संचांत भराव्या म्हणून रुंद चित्राच्या बाजू कापीत असत. भयपटांत ही काटछांट विशेष घातक, कारण संकट बहुधा चौकटीच्या कडेनेंच येतें. लांबीविषयीं मात्र एक गैरसमज टाळला पाहिजे. चित्रपटांत सेकंदाला २४ चित्रें असतात, तर आपल्याकडील डीव्हीडी सेकंदाला २५ चित्रें दाखविते. त्यामुळें १५० मिनिटांचा चित्रपट तिच्यावर १४४ मिनिटांत संपतो. हीं सहा मिनिटें कोणीं कापलेलीं नसतात. चित्र वेगानें धांवतें इतकेंच. त्याबरोबर आवाजाची पट्टीही किंचित् चढते, आणि सराईत कानाला तें जाणवतें. ब्लू-रेवर मूळचा २४ चा वेग राखतां येतो. तेव्हां कात्री लागली आहे कीं काय, हें ठरविण्यापूर्वीं हा हिशेब मांडून पाहावा.

तिसरी आणि खरी कसोटी अंधाराची. भयपटाचा प्राण काळोखांत असतो. १२ ऑक्टोबर २०१८ रोजीं प्रदर्शित झालेला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ ह्या दृष्टीनें उत्तम वस्तुपाठ आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीच्या नांवावरून ज्याचें नांव घेतलें, नारायण धारप यांना जो अर्पण केला, असा हा चित्रपट भाषेनें हिंदी असला तरी मनानें मराठी आहे. न थांबणारा पाऊस, कंदिलाच्या उजेडांत ओलावलेल्या भिंती, पिठाच्या बाहुल्या आणि वाड्याच्या पोटांतील तें लालभडक गर्भागार, हें सर्व पंकज कुमार यांच्या छायालेखनानें उभें केलें. त्याला छायालेखन, कलादिग्दर्शन आणि ध्वनिरचना यांसाठीं फिल्मफेअर पारितोषिकें मिळालीं. असलें चित्र चांगल्या प्रतीवर पाहिलें, तर अंधारांतही अंधाराच्या पायऱ्या दिसतात : कोपरा काळा, पण त्यापुढील खांब किंचित् कमी काळा. वाईट प्रतींत त्याच जागीं डबक्यासारखे चौकोन हालतात, किंवा कंदिलाभोंवतींचा प्रकाश झाडाच्या खोडांतील वलयांप्रमाणें पट्ट्यापट्ट्यांनीं तुटतो.

हा दोष कोठून येतो, तें साध्या गणितानें समजेल. ब्लू-रे तबकडी चित्रासाठीं सेकंदाला जास्तींत जास्त ४ कोटी ‘बिट्स’, म्हणजे सुमारें ५० लक्ष ‘बाइट्स’ देऊं शकते. दोन तासांच्या ७,२०० सेकंदांना ह्या हिशेबानें ३६ ‘गिगाबाइट’ जागा लागते. दुपदरी तबकडींत ५० गिगाबाइट मावतात. तेव्हां एक चित्रपट ऐसपैस बसतो. पण काटकसर म्हणून अडीच तासांचे दोन चित्रपट एकींत कोंबले, कीं प्रत्येकाच्या वांट्याला निम्मीच जागा येते आणि पहिली कात्री लागते ती अंधाराच्या बारकाव्यांना. इंटरनेटवरून येणारें चित्र तर बहुधा ह्याहून पुष्कळच आखडलेलें असतें. म्हणून एका तबकडीवर किती मिनिटें बसविलीं आहेत, हें वेष्टणावर अवश्य पाहावें.

चौथी गोष्ट फिल्मच्या कणांची. जुन्या चित्रांत जो बारीक रवाळपणा हालतांना दिसतो, तो मळ नव्हे. तोच त्या चित्राचा पोत होय. कित्येक प्रकाशक तो यंत्रानें पुसून टाकतात. मग चेहरे मेणाच्या पुतळ्यांसारखे गुळगुळीत दिसतात आणि भुतापेक्षां नायिकाच अधिक भयंकर भासते! ओरखडे काढावे, कण राखावे, हा नियम आहे.

पांचवी गोष्ट आवाजाची व भाषेची. मूळ चित्रपट एकाच वाटेनें ऐकूं येणाऱ्या ध्वनींत निघाला असेल, तर तो तसाच ऐकण्याची सोय तबकडींत असलीच पाहिजे. मागाहून कृत्रिम रीतीनें चहूं बाजूंस पसरलेला आवाज हा ऐच्छिक असावा. भाषांतरित ओळींची परीक्षा तर मराठी माणसाला सहज करतां येईल. आपल्याकडे मुंजा वेगळा, हडळ वेगळी, समंध वेगळा, वेताळ वेगळा. प्रत्येकाचें मरण, ठिकाण आणि मागणें निराळें. हिंदींतही चुडैल आणि डायन एक नव्हेत. इंग्रजी ओळींत ह्या सर्वांना एकच शब्द वापरला असेल, तर भाषांतरकारानें भूत पकडलें खरें, पण त्याचें गोत्र हरवलें, असें समजावें.

शेवटीं पेटी, पुस्तिका आणि क्रमांक. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरें, भित्तिपत्रक हीं लग्नांतील वाजंत्र्यांसारखीं. असावीं, पण नवरदेव मंडपांत हवा! त्याउलट दिग्दर्शकाची मुलाखत, छायालेखकाचें निवेदन, वगळलेला प्रसंग, जाणत्या माणसाचा लेख यांचें मोल मोठें. कारण हीं माणसें गेल्यावर तीं साधनें पुन्हां मिळत नाहींत. परदेशी तबकडी घेण्यापूर्वीं तिचा विभाग पाहणें आवश्यक आहे. ब्लू-रेसाठीं जगाचे तीन विभाग पाडलेले असून अमेरिका ‘ए’ मध्यें, तर भारत ‘सी’ मध्यें मोडतो. विभाग जुळला नाहीं तर पैसे मोजून आणलेली तबकडी यंत्रांत गप्प बसते. आणि पाहतांना खोलींतील दिवे मालवावे, दूरदर्शन-संचाची भडक रंगांची व हालचाल गुळगुळीत करण्याची योजना बंद ठेवावी. नाहींतर चांगल्या प्रतीवर उगाच ठपका येतो.

इतका खटाटोप कशाला, इंटरनेटवर सर्व कांहीं मिळतेंच, असें कोणी म्हणेल. मिळतें, परंतु तें मिळण्याचा हक्क करारावर अवलंबून असतो आणि करार संपतांच चित्रपट एका रात्रींत दिसेनासा होऊं शकतो. ‘तुंबाड’ १३ सप्टेंबर २०२४ रोजीं पुन्हां चित्रगृहांत आला, तेव्हां पहिल्या खेपेपेक्षां अधिक उत्पन्न त्यानें मिळविलें. मधल्या सहा वर्षांत लोकांनीं तो घरच्या पडद्यावर पाहिला, एकमेकांना सांगितला आणि मग मोठ्या पडद्याकडे गर्दी केली. चित्रपट टिकून राहिला म्हणूनच त्याला हें दुसरें आयुष्य लाभलें. फाळक्यांच्या बहुतेक कृतींना ती संधि मिळाली नाहीं.

तबकडीही अमर नाहीं. ती कडेला धरून उचलावी, उभी ठेवावी, उन्हापासून आणि पावसाळ्यांतील ओलीपासून जपावी. पण एकच संग्रहालय जळालें तर सर्व जातें, आणि तीच कृति शेंकडों घरांच्या कपाटांत असली तर एका आगीनें ती मरत नाहीं. पूर्वीं पोथ्या अशाच टिकल्या. गांवोगांवच्या घरांत त्यांच्या प्रती होत्या म्हणून. उगम अस्सल, चौकट पुरी, काळोख जिवंत आणि भाषा प्रामाणिक, एवढें जिच्यांत सांपडेल ती आवृत्ति घरांत ठेवण्याच्या योग्यतेची समजावी, मग तिची पेटी साध्या पुठ्ठ्याची कां असेना.